मुलांनी गोल्फ आणि बेसबॉल दोन्ही खेळावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा 11 वर्षांचा. तीन वर्षं बेसबॉल खेळतोय, संघासाठी पिचिंगही करतो, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकतो. गेल्या वर्षभरात त्याला गोल्फची गोडी लागली. बेसबॉलचे कोच म्हणतात, गोल्फने याची बॅटिंग बिघडणार. गोल्फचे कोच म्हणतात, बारा वर्षांचा होईपर्यंत एक काय ते ठरवून टाका. त्यात भर म्हणजे पोरगा चेंडू उजव्या हाताने फेकतो, बॅटिंग डावखुऱ्यासारखी करतो आणि गोल्फ मात्र उजव्या बाजूने खेळतो. दोन्ही चालू ठेवायचं का, ठेवायचं तर कसं, आणि या डाव्या-उजव्याचं काय करायचं, असं त्याच्या आईवडिलांनी विचारलं आहे.

चालू ठेवा. मी वीसेक वर्षं दोन्ही खेळांतली मुलं हाताळली आहेत. आधी बेसबॉल शिकवायचो, नंतर गोल्फकडे वळलो. त्यामुळे दोन्हीकडच्या कोचांचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. एके काळी मीही तेच बोलायचो. पण ज्या गोष्टीची ते तुम्हाला भीती घालतायत तिने माझी झोप उडत नाही. ज्या गोष्टीबद्दल तुम्हाला कुणी काही सांगितलेलं दिसत नाही, तिने उडते. आधी स्विंगचं बोलून घेऊ, म्हणजे ते डोक्यातून जाईल.

दोन्ही स्विंगांचं मूळ एकच आहे. जोर जमिनीतून येतो, पायांतून खुब्यात, खुब्यातून छातीत, मग खांदा, दंड, मनगट आणि शेवटी हातातलं लाकूड किंवा लोखंड. कंबर आधी उलगडते, खांदे किंचित मागे राहतात, आणि त्या पिळातून वेग तयार होतो. ही साखळी ज्या मुलाला एका खेळात सापडली त्याला दुसऱ्यात ती पहिल्यापासून शिकवावी लागत नाही. बेसबॉल खेळून आलेलं मूल पहिल्याच आठवड्यात गोल्फचा चेंडू लांब मारतं ते यामुळे. कुठे मारतं तो भाग वेगळा.

फरक तिथेच सुरू होतो. बेसबॉलची बॅट गोल असते, तिला पुढची बाजू आणि मागची बाजू असं काही नसतं. गोल्फच्या क्लबला, म्हणजे काठीला, तोंड असतं, आणि ते तोंड चेंडूला लागण्याच्या क्षणी कुठे बघत होतं यावर चेंडू कुठून सुटणार हे बहुतांशी ठरतं. बेसबॉल मैदानाच्या हद्दीच्या दोन रेषांमध्ये, म्हणजे फाउल लाइनींमध्ये, 90 अंशांचा कोन असतो. तेवढ्या पसाऱ्यात कुठेही चेंडू गेला तरी तो खेळात आहे. गोल्फमध्ये 250 यार्डांवर फक्त 4 अंश चुकले तर चेंडू साधारण 17 यार्ड बाजूला जातो, म्हणजे बहुतेक ठिकाणी फेअरवे, आखूड गवताचा पट्टा, सोडून उंच गवतात. बेसबॉलचा नामवंत बॅटर टेड विल्यम्स आणि गोल्फपटू सॅम स्नीड यांच्यात यावरून रंगलेल्या वादाचा एक किस्सा सांगतात. विल्यम्सचं म्हणणं, गोल्फमध्ये काय, चेंडू तर जागेवरच असतो. त्यावर स्नीडने उत्तर दिलं की आम्हाला आमचे फाउल बॉलसुद्धा खेळावे लागतात. गोल्फ शिकवताना इतक्या नेमक्या शब्दांत मला हे कधी सांगता आलेलं नाही.

उलट बाजूने बघा. प्रौढ पिचरचा ताशी 90 मैलांचा चेंडू 60 फूट 6 इंचांचं अंतर जेमतेम 0.4 सेकंदात कापतो. लहान मुलांच्या मैदानावर हे अंतर 46 फुटांचं असतं आणि चेंडू हळू असतो, पण बॅटरच्या हातात वेळ तेवढाच, अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर. चेंडू आत येतोय की बाहेर, वर की खाली, मारायचा की सोडायचा, हे तेवढ्यात ठरवायचं. गोल्फमध्ये यातलं काहीच नाही. तिथे मुलाला हवा तेवढा वेळ असतो, आणि त्या वेळेचं काय करायचं हीच पंचाईत असते.

मग एका खेळाने दुसऱ्याचा स्विंग बिघडतो का? काही दिवस बिघडतो, आणि त्या बिघाडाचे नमुने ठरलेले असतात. बेसबॉलच्या मोसमातून गोल्फवर आलेलं मूल क्लब आडवा फिरवतं. चेंडू जमिनीवर आहे हे डोळ्यांना कळतं, पण अंगाला कळत नाही. मग ते मारताना वर उठतं आणि चेंडूच्या डोक्यावर घाव बसतो. किंवा मूठ पुढे ओढली जाते, क्लबचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू केळ्यासारखा उजवीकडे वळतो. पाय पुढे टाकायची सवयही असते, त्यामुळे सगळं शरीर चेंडूच्या पुढे सरकतं. गोल्फमधून बेसबॉलकडे गेलेलं मूल मागचा खांदा खाली टाकतं, बॅट चेंडूच्या खालून जाते आणि चेंडू सरळ आकाशात. शिवाय बॅट मागे नेण्यात ते इतका वेळ घालवतं की चेंडू बॅटरमागच्या कॅचरच्या हातात पोचलेला असतो.

हे सगळं दोन-तीन आठवड्यांत निवळतं. माझ्या अनुभवात दहा-बारा वर्षांच्या मुलांत तर त्याहून लवकर. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी बोलणारं मूल सुरुवातीला शब्दांची खिचडी करतं, पण कुणाशी काय बोलायचं हे त्याला कुणी व्याकरण न शिकवता कळतं. स्विंगचंही तसंच होतं. हातातल्या वस्तूचं वजन, चेंडूची जागा, उभं राहायची पद्धत, या खुणांवरून शरीर आपोआप खाना बदलतं. मोटर लर्निंगमध्ये, म्हणजे शरीर हालचाली कशा शिकतं या अभ्यासात, 1979 साली शी आणि मॉर्गन यांनी केलेला एक जुना, गाजलेला प्रयोग आहे: वेगवेगळ्या हालचाली मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी वाईट दिसतात, पण पुढे त्यांच्या लक्षात जास्त राहतं. तो प्रयोग गोल्फ-बेसबॉलवरचा नव्हता, आणि त्यावरून दोन्ही खेळ खेळल्याने दोन्ही सुधारतात असं मी म्हणणार नाही. पण आज मूल गोंधळलेलं दिसतंय म्हणजे त्याचं नुकसान होतंय, हा कोचांचा हिशेब कच्चा आहे एवढं नक्की.

गोंधळ खरा वाढवतात ते आपण मोठे. मोसम बदलताना पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, द्यायचा आणि चेंडू वाकडा गेला की पाच सूचना द्यायच्या, हा सगळ्यात वाईट रस्ता. मी नेहमी लहानाकडून मोठ्याकडे जातो. गोल्फवर परतताना आधी पटिंग (होलकडे चेंडू घरंगळवणं), मग चिपिंग (जवळून छोटा उडता फटका), मग छोटे आयर्न (लोखंडी क्लब), आणि ड्रायव्हर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. क्लबचं तोंड कुठे बघतंय हे छोट्या फटक्यात मुलाला स्वतःला दिसतं, कुणी सांगावं लागत नाही. बेसबॉलवर परतताना आधी टीवर, म्हणजे खुंटीवर, ठेवलेला चेंडू, मग जवळून अलगद फेकलेला, मग खरा पिच. मॅचच्या दिवशी सकाळी गोल्फ खेळायचाच हट्ट असेल तर फक्त पटिंग. आणि दोन्ही कोचांना एक विनंती करा: ‘तुझा बेसबॉलचा स्विंग मध्ये येतोय’ हे वाक्य मुलासमोर उच्चारू नका. ते एकदा डोक्यात बसलं की वाईट फटक्याला कायमचं एक कारण मिळतं, आणि बारा वर्षांच्या पोराला कारण मिळालं की ते सोडत नाही.

दोन्ही खेळ वरच्या पातळीवर खेळलेली माणसं थोडी आहेत, पण आहेत. सॅमी बर्ड 1929 ते 1934 न्यूयॉर्क यँकीजकडून खेळला, बऱ्याचदा शेवटच्या डावांत संघाचा मोठा तारा बेब रूथच्या जागी धावायला आणि झेल घ्यायला; नंतर गोल्फकडे वळला आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फच्या पीजीए टूरवर सहा स्पर्धा जिंकला. बेसबॉलची वर्ल्ड सिरीज आणि गोल्फची मास्टर्स या दोन्हींत खेळलेला तो एकमेव माणूस. जपानच्या मासाशी ओझाकीची गोष्ट मला याहून आवडते. ज्याला सगळे ‘जम्बो’ म्हणत तो 1964 साली शालेय बेसबॉलच्या वसंतातल्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेत्या संघाचा पिचर होता. तिथून व्यावसायिक संघात गेला, तिथे जमलं नाही, आणि विशी ओलांडल्यावर गोल्फ व्यवसाय म्हणून हाती घेतला. पुढे जपानच्या टूरवर त्याने 94 स्पर्धा जिंकल्या. बेसबॉलने स्विंग कायमचा नासतो असं म्हणणाऱ्याने या माणसाचं काय करायचं ते सांगावं. अर्थात असे दोघेतिघे दाखवून तुमचा मुलगाही तसाच होईल असं सिद्ध होत नाही. निदान दार बंद नाही हे तरी कळतं.

स्विंगचं एवढं पुरे.

माझी झोप उडवणारी गोष्ट म्हणजे त्या मुलाची पाठ आणि त्याचं कोपर. गोल्फ आणि बेसबॉल हे वेगळे खेळ आहेत असं आपण समजतो, आणि ‘मुलांनी अनेक खेळ खेळावेत’ या चांगल्या सल्ल्यात आपलं मूल बसतंय म्हणून निश्चिंत होतो. पण अनेक खेळ खेळण्याचा मोठा फायदा हा की शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर भार वाटला जातो. फुटबॉल आणि पोहणं असं जोडपं असेल तर तसं होतं. गोल्फ आणि बेसबॉलमध्ये तोच पीळ, त्याच कण्यात, बहुतेक मुलांच्या बाबतीत त्याच दिशेने, हजारो वेळा. कंबरेच्या दृष्टीने हे दोन खेळ नव्हेत, दीड खेळ आहेत.

यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती सांगतो. तेरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे होता, दोन्ही खेळांत हुशार. उन्हाळ्यात बेसबॉल, थंडीत बंदिस्त जागेत गोल्फ, असं वेळापत्रक मीच आखलं होतं, आणि हाताला चार महिने विश्रांती मिळते म्हणून मला त्याचा अभिमानही होता. फेकलेला प्रत्येक चेंडू आम्ही मोजत होतो. वसंतात तो म्हणाला, पाठ धरते. मी ताणाचे व्यायाम दिले. तीन आठवड्यांनी त्याच्या आईने डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा कण्याच्या खालच्या मणक्याला एका बाजूला ताणाने पडलेली भेग निघाली. तो काही महिने मैदानाबाहेर बसला. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं की थंडीत तो रोज दोन बादल्या चेंडू मारत होता. मी फेकणं मोजलं, फिरवणं मोजलंच नाही.

वाढीच्या वयात मणक्याच्या मागच्या भागातलं एक अरुंद हाड पाठ मागे झुकवून पिळल्यावर ताणलं जातं, आणि हे पुन्हापुन्हा झालं की तिथे भेग पडू शकते. ती बहुतेकदा कंबरेजवळच्या शेवटच्या मणक्यात आढळते. लक्षण साधं असतं: मागे वाकलं की दुखतं, विशेषतः एका बाजूला, आणि विश्रांती घेतली की बरं वाटतं. दोन आठवड्यांहून जास्त अशी कुरबुर चालली तर व्यायाम देत बसू नका, खेळातल्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा. वेळेत सापडली तर मुलं बहुतेकदा पूर्ण बरी होऊन खेळायला येतात. हे मी आधी शिकायला हवं होतं.

आता कोपर. इथे गोल्फचा बेसबॉलला खरा उपयोग आहे, पण अर्धाच. पिचिंग करणाऱ्या मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हाड अजून वाढत असतं, तिथे प्रत्येक जोरदार फेकीबरोबर ओढ बसते. मोठेपणी तिथलाच अस्थिबंध तुटतो आणि पिचर टॉमी जॉनच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया करावी लागते, डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा 1974 मध्ये केली. लहान मुलांत अस्थिबंधाआधी वाढीची कूर्चा दगा देते. अमेरिकेत मेजर लीग (तिथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल ही संस्था यांनी 2014 मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाच्या मर्यादा काढल्या. त्यानुसार 11-12 वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त 85 पिच टाकावेत, 66 किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस पिचिंग नाही, आणि वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. पिचिंग केलेल्या मॅचमध्येच पुन्हा कॅचर म्हणून बसवू नये हेही त्यात आहे. कोच लोक ते सोयीस्करपणे विसरतात.

या आकड्यांमागे अभ्यास आहे. अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2006 मध्ये शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या किशोर पिचरांची तुलना न दुखावलेल्यांशी केली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट निघाली, आणि हात थकला असताना वरचेवर टाकत राहणाऱ्यांत 36 पट. छत्तीस हा आकडा मी पालकांच्या बैठकीत नेहमी दोनदा उच्चारतो.

मेजर लीगचा पिचर जॉन स्मोल्ट्झचं उदाहरण इथे चपखल बसतं. 2000 साली त्याच्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तो पुन्हा खेळला आणि 2015 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिथल्या भाषणात त्याने पालकांना बजावलं की बेसबॉल हा बारमाही खेळ नाही, मुलांना इतर खेळ खेळू द्या. आणि हाच स्मोल्ट्झ 2018 मध्ये पात्रता फेरीतून अमेरिकेच्या सीनियर ओपन गोल्फ स्पर्धेत पोचला.

म्हणून ते चार महिने गोल्फला द्यायला माझी ना नाही. खांद्याला विश्रांती मिळते, मुलाचं स्पर्धेचं अंग शाबूत राहतं, आणि घरात बसून कंटाळायची वेळ येत नाही. पण अर्धाच उपयोग म्हणालो त्याचं कारण असं. ज्याला ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात ते दुखणं कोपराच्या आतल्याच बाजूला होतं, आणि बऱ्याचदा मागच्या हाताला. उजव्या बाजूने गोल्फ खेळणाऱ्याचा मागचा हात उजवा. तुमचा मुलगा फेकतोही उजव्यानेच. म्हणजे ज्या कोपराला सुट्टी द्यायची म्हणून गोल्फ लावला, तेच कोपर सरावाच्या जागेतल्या चटईवर ठेवलेल्या चेंडूंवर दणके खात बसू शकतं. चटईखाली सिमेंट असतं, गवतात क्लब शिरतो तसा तिथे शिरत नाही, आणि धक्का हातात परत येतो. शक्य असेल तेव्हा गवतावर मारू द्या. चटईच असेल तर चेंडू छोट्या टीवर ठेवा.

मोजायचं ते एवढंच: फेकी, बॅटचे पूर्ण फटके, गोल्फचे पूर्ण फटके. एक छोटी वही ठेवा आणि ती मुलालाच भरू द्या. दोन्ही कोच आपापल्या तासापुरतं बघतात. वही ही एकच गोष्ट अशी जिथे सगळा भार एका पानावर दिसतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी दोन्ही खेळांचे मिळून दिवसाला शंभराच्या आसपास पूर्ण फटके मी पुरे मानतो. हा माझा अंदाजाचा आकडा आहे, कुठल्या अभ्यासातला नाही, आणि शरीराने लहान मुलासाठी मी तो आणखी खाली आणतो. पटिंग आणि चिपिंग त्यात धरत नाही, ते हवं तेवढं करू दे. त्या वयाला 18 होलऐवजी 9 पुरतात. आणि बॅग एकाच खांद्यावर लटकवून चालू देऊ नका. दोन्ही खांद्यांचा पट्टा किंवा ढकलगाडी. पाठीचं दुखणं काही वेळा स्विंगमधून नव्हे, बॅगेतून आलेलं मी पाहिलंय.

तासांसाठी एक साधा नियम बरेच डॉक्टर वापरतात: आठवड्यातले संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाहून जास्त नकोत. अकरा वर्षं, तर अकरा तास, दोन्ही खेळांचे मिळून. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2016 च्या अहवालात आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी आणि वर्षात एकूण तीन महिने त्या त्या मुख्य खेळापासून दूर, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत घेतले तरी चालतील, असं सुचवलं आहे. आता दोन खेळांत हे बसवणं दिसतं तितकं सोपं नाही. दोन्ही कोच आपापला खेळ मुख्य धरतात, आणि एकाच्या सुट्टीच्या महिन्यात दुसऱ्याचं शिबिर येतं. माझा आग्रह असतो की एका वेळी एकच खेळ पुढे असावा. बेसबॉलच्या मोसमात गोल्फ म्हणजे आठवड्यातून एकदा पटिंग आणि मित्रांबरोबर नऊ होल, स्पर्धा नाही. गोल्फ पुढे असताना बेसबॉल म्हणजे अंगणातली पकडापकडी, आणि फेकण्याच्या सुट्टीत तीही नाही. दोन्हींच्या स्पर्धा एकाच महिन्यात लावल्या की मूल दोन्हीकडे थकलेलं पोचतं, आणि थकलेल्या हाताचा आकडा वर सांगितलाच आहे. वर्षात निदान एक महिना दोन्ही बंद. त्या महिन्यात पोहू दे, झाडावर चढू दे, सायकल मारू दे.

त्यावरून आठवलं: तिसरं काहीतरी लावा. पोहणं सगळ्यात उत्तम, कारण तिथे दोन्ही बाजू सारख्या चालतात. फुटबॉल, बास्केटबॉल, धावणं, काहीही चालेल. बेसबॉलमध्ये बराच वेळ उभं राहायचं असतं, गोल्फमध्ये चालायचं. दम लागेल असं सलग दोन्हींत फार थोडं. गोल्फचा महान खेळाडू जॅक निकलॉस लहानपणी बास्केटबॉल, फुटबॉल, बेसबॉल, टेनिस, धावणं सगळं खेळायचा आणि गोल्फ दहाव्या वर्षी सुरू केला, हे गोल्फच्या कोचांना आठवण करून द्यायला हरकत नाही. ते टायगर वुड्सचं नाव घेतील, जो चालायला लागला तेव्हापासून क्लब धरत होता. खरं आहे. पण टायगरच्या वाटेने निघून विसाव्या वर्षाआधी खेळच सोडून दिलेली मुलं मी हाताच्या बोटांवर मावणार नाहीत इतकी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

स्वभावाबद्दल पालक फारसं विचारत नाहीत, पण मला दोन्ही खेळ एकत्र आवडतात ते मुख्यतः यासाठी. बेसबॉलमध्ये मुलाची चूक नऊ जणांत वाटली जाते आणि नऊ जणांसमोर होते. दहापैकी सात वेळा बाद होणारा बॅटर तिथे मोठा मानला जातो. अपयश पचवायची, बाकावर बसून दुसऱ्यासाठी ओरडायची सवय लागते. गोल्फमध्ये ओरडायला कुणी नसतं. चेंडू गवतात गेला, पोचून बघतो तर क्लब टेकवताना तो किंचित हलला, कुणी पाहिलं नाही. तरी सांगायचं असतं. पंच बघत असताना नियम पाळणारी बेसबॉलमधली पोरं इथे पहिल्यांदा एकटी पडतात. काही जण गडबडतात. माझ्याकडचा एक कॅचर पहिल्या स्पर्धेत स्वतःवर दंड लावून रडत आला आणि म्हणाला, सर, मी सांगायला नको होतं का? मी म्हटलं, बस, पाणी पी.

उलटही दिसतं. फक्त गोल्फ खेळणारी मुलं कधीकधी स्वतःच्या डोक्यात इतकी अडकतात की तीन फुटांच्या पटसाठी एक मिनिट घालवतात. त्यांना बेसबॉलमध्ये विचार करायला अर्धा सेकंदही न मिळणं हे औषधासारखं लागू पडतं.

निवड कधी करायची? बारा वर्षांच्या आत नाही. अकॅडमीचा तोच अहवाल एका खेळावर लक्ष केंद्रित करणं 15-16 वर्षांपर्यंत लांबवावं असं सांगतो, आणि या दोन खेळांत तर घाईचं कारणच नाही. पिचरचं अंग सोळाव्या वर्षाआधी कळत नाही. गोल्फ साठीतही स्पर्धेत खेळता येतो. चौदा-पंधराच्या सुमारास मूल स्वतःच एकीकडे झुकतं. कुठल्या सरावाला बोलवावं लागतं आणि कुठल्या सरावाहून बोलवून आणावं लागतं, एवढं बघत राहा.

साहित्याबद्दल दोन ओळी. मोठ्यांचा क्लब कापून मुलाला देऊ नका, तो जड आणि कडक राहतो. बॅटचं टोक आणि क्लबचं टोक तळहातात रुतत नाही ना, हे दर मोसमात तपासा; त्या तळव्यातलं एक छोटं हुकासारखं हाड दोन्ही खेळांत तसंच मोडतं, मूठ टोकाशी असलेल्या हाताचं.

राहिला डाव्या-उजव्याचा प्रश्न. बदलू नका. गोल्फपटू फिल मिकेलसन बाकी सगळं उजव्याने करतो आणि गोल्फ डावखुरा खेळतो, कारण लहानपणी तो वडिलांसमोर उभा राहून आरशातल्यासारखी नक्कल करायचा. दुसरा गोल्फपटू जॉर्डन स्पीथ पोरवयात डावखुरा पिचर होता आणि गोल्फ उजव्या बाजूने खेळतो. बेसबॉलचा शोहेई ओहतानी उजव्याने फेकतो आणि डाव्या बाजूने मारतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर ही देणगीच आहे. त्याची फेक आणि गोल्फ कंबरेला एका दिशेने पिळतात, आणि बॅटिंग उलट दिशेने. एका कोचाने हौसेने त्याची बॅटिंग उजवी करून ‘सगळं एकसारखं’ केलं, की तिन्ही पीळ एकाच बाजूला येतील. सरावाच्या शेवटी उलट बाजूने दहा-बारा हलके फटके मारायला मी सगळ्याच मुलांना सांगतो, चेंडूशिवाय. तुमच्या मुलाला गोल्फच्या मोसमात तेवढे बॅटने मारले तरी चालतील.